आज्ञापालनातून नेतृत्वाकडे
राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिस्तीमागील विचार

शाळा-महाविद्यालयाच्या मैदानावर गणवेशातील मुला-मुलींची रांग दिसली की पाहणाऱ्याच्या मनात कवायत आणि प्रजासत्ताक दिनाचे संचलन एवढेच येते. सावनेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी राष्ट्रीय छात्रसेनेकडे, म्हणजेच सर्वपरिचित एन.सी.सी.कडे, बव्हंशी सैन्यभरतीची पायरी म्हणून पाहिले जाते. त्यात गैर काही नाही. कापूस, संत्री आणि कोळसा खाणी यांवर ज्या भागाचे अर्थकारण चालते, तेथील तरुणाला गणवेशाची नोकरी हा मोठा आधार वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ‘ए’, ‘बी’, ‘सी’ ही प्रमाणपत्रे या शिक्षणाचे फळ आहेत, मूळ नव्हे. दुसऱ्याला पुढे नेण्याची पात्रता अंगी यावी, हा छात्रसेनेचा खरा हेतू आहे आणि नेमका तोच नजरेआड होतो.

कायद्याने जन्मलेली संघटना

विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण देण्याची कल्पना ब्रिटिश काळातील आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, विद्यापीठांत अशा तुकड्या प्रथम उभ्या राहिल्या. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि तिच्या शिफारशींवरून १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना कायदा संमत झाला. कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर हे तिचे पहिले संचालक. हेच बेवूर पुढे १९७३ मध्ये देशाचे लष्करप्रमुख झाले. मुलींचा विभाग १९४९ मध्ये, हवाई विभाग १९५० मध्ये आणि नौदल विभाग १९५२ मध्ये सुरू झाला.

१९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी हे प्रशिक्षण सक्तीचे करण्यात आले. १९६८ मध्ये ते पुन्हा ऐच्छिक झाले. सक्तीने संख्या वाढविता येते, परंतु सहकाऱ्याची जबाबदारी आपली मानण्याची वृत्ती सक्तीने रुजत नाही. आज या संघटनेत प्रवेश घेणारा विद्यार्थी स्वेच्छेने येतो. तेथील शिस्तीचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

आधी पाळणे, मग सांगणे

‘एकता आणि अनुशासन’ हे छात्रसेनेचे ब्रीद आहे. अनुशासनाची चार सूत्रे कॅडेटला आरंभीच शिकविली जातात : आज्ञा हसतमुखाने पाळावी, वेळ चुकवू नये, गाजावाजा न करता कष्ट करावेत आणि सबबी सांगू नयेत, खोटे बोलू नये. या चारही सूत्रांत ‘हुकूम कसा द्यावा’ याचा उल्लेख कोठेच नाही. हाताखाली माणसे येण्यापूर्वी माणसाने स्वतःला हाताळावयास शिकावे, हा त्यामागील विचार आहे.

पदांची उतरंडही याच विचाराने रचलेली आहे. नवा विद्यार्थी केवळ कॅडेट असतो. त्यानंतर लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट अशा पायऱ्या चढत महाविद्यालयीन विभागात अंडर ऑफिसर आणि सीनियर अंडर ऑफिसर या पदांपर्यंत पोहोचता येते. प्रत्येक पायरीवर अधिकार थोडा आणि उत्तरदायित्व अधिक वाढते. दहा जणांच्या सेक्शनचा प्रमुख झालेल्या मुलाला प्रथम जाणवते ती हीच गोष्ट. कोणाचे बूट फाटले आहेत, कोण बस चुकल्याने उशिरा आला, कोणाला उन्हाने भोवळ येत आहे, हे त्याला ठाऊक असावे लागते. विदर्भातील उन्हात ही जाणीव केवळ सौजन्याची राहत नाही, ती सुरक्षिततेची ठरते.

कवायतीतही हाच धडा दडलेला आहे. शब्दादेश अस्पष्ट असला किंवा चुकीच्या पावलावर दिला गेला, तर संपूर्ण तुकडीची लय बिघडते. चूक तीस जणांच्या पायांत दिसते, पण ती असते एकाच्या तोंडातील. आपल्या संदिग्धतेची किंमत इतरांना मोजावी लागते, हे सोळा-सतरा वर्षांच्या वयात याहून ठळकपणे शिकविणारी जागा क्वचितच असेल.

शिबिरात ही शिकवण पक्की होते. तेथे वेगवेगळ्या शाळांची, जातींची आणि आर्थिक स्तरांची मुले एकाच निवासात राहतात, एकाच रांगेत ताट घेऊन उभी राहतात आणि परिसराची स्वच्छताही स्वतःच करतात. डेहराडूनच्या भारतीय लष्करी अकादमीत अधिकाऱ्यांना देश प्रथम, हाताखालील जवान त्यानंतर आणि स्वतः सर्वांत शेवटी असा क्रम शिकविला जातो. शिबिरातील जेवणाच्या रांगेत आपल्या सेक्शनला पुढे करून स्वतः मागे थांबणारा सार्जंट त्याच क्रमाचा पहिला पाठ गिरवीत असतो.

अधिकाराचा विपर्यास

या क्रमाचा विसर पडला तर काय घडते, हे महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाहिले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या आवारातील चित्रफीत सर्वत्र पसरली. भर पावसात जमिनीवर ओणव्या केलेल्या कनिष्ठ कॅडेट्सना एक वरिष्ठ कॅडेट काठीने मारीत असल्याचे तीत दिसत होते. त्यानंतर संबंधित विद्यार्थ्यावर निलंबनाची कारवाई झाली. तथापि, प्रश्न एका विद्यार्थ्यापुरता नाही. ‘आम्हीही हे सोसले, आता तुम्ही सोसा’ ही भावना शिस्तीचा वेश घेऊन वावरते, तेव्हा आज्ञापालनाचे रूपांतर भयात होते. भीतीने उभी राहिलेली रांग, काठी दूर होताच मोडते. विश्वासाने उभी राहिलेली रांग प्रमुख नसतानाही सरळ राहते. कनिष्ठाला मारणे हे कठोर नेतृत्व नव्हे. ते नेतृत्वाचा अभाव होय.

शिक्षकाची जागा

म्हणूनच तुकडीची धुरा वाहणाऱ्या शिक्षकाचे महत्त्व मोठे आहे. सहयोगी एन.सी.सी. अधिकारी म्हणून काम करणारे हे शिक्षक आपल्याच शाळा-महाविद्यालयातील असतात. त्यांना त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते आणि ते देणारी अधिकारी प्रशिक्षण अकादमी सावनेरच्याच जिल्ह्यात, कामठी येथे आहे. अशा शिक्षकाने पद वाटताना केवळ उंची, आवाज आणि टापटीप पाहिली, तर देखणी परेड उभी राहील. मागे पडलेल्यासाठी कोण थांबतो, चूक झाल्यावर ती आपली म्हणून कोण सांगतो, हेही त्याने पाहिले, तर नेतृत्व उभे राहील.

प्रमाणपत्रापलीकडे

‘सी’ प्रमाणपत्रधारक पदवीधराला विशेष प्रवेश योजनेतून लेखी परीक्षेविना सैन्यदल निवड मंडळाच्या मुलाखतीपर्यंत जाता येते, ही मोठी संधी आहे. परंतु त्या मुलाखतीत काही दिवस पारखला जातो तो उमेदवाराचा स्वभावच. गटात काम करताना तो इतरांना ढकलतो की सोबत घेतो, हे तेथे लपत नाही. मैदानावर तीन वर्षे केवळ हजेरी भरणाऱ्याला अशा वेळी प्रमाणपत्र तारू शकत नाही.

शिवाय प्रत्येक कॅडेट सैन्यात जाणार नाही. कोणी खाप्याला दुकान चालवील, कोणी खाणीत कामाला लागेल, कोणी ग्रामपंचायतीवर निवडून येईल. घरात मोठ्याने बोलण्याचीही सवय नसलेली एखादी मुलगी मैदानावर तीस जणांना स्पष्ट आवाजात ‘सावधान’ म्हणते, तेव्हा तिच्यात झालेला बदल कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदला जात नाही. पण उद्या ग्रामसभेत ती उभी राहील, तेव्हा तो आवाज ऐकू येईल. छात्रसेनेत आपला मुलगा वा मुलगी काय मिळविते, असे पालक आज विचारतात. ती कोणासाठी थांबावयास शिकली, हेही त्यांनी विचारावयास हवे.