पन्नास वर्षांपूर्वीची जखम पुन्हा उघडते तेव्हा

१७४० मध्ये जॉर्ज अ‍ॅन्सन हा ब्रिटिश नौदल अधिकारी जहाजांचा ताफा घेऊन पॅसिफिक महासागराकडे निघाला. सोबत सुमारे १९०० माणसे होती. त्यातली हजाराहून अधिक परतली नाहीत आणि त्यांतील बहुतेकांना शत्रूने नव्हे, आजाराने मारले. सर्वांत मोठा मारेकरी होता स्कर्व्ही. या सफरीचा वृत्तांत १७४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका म्हाताऱ्या खलाशाची नोंद आहे. पन्नास वर्षांपूर्वी, आयर्लंडमधील बॉइनच्या लढाईत, तो जखमी झाला होता. जखमा लवकरच भरल्या, पुढे अनेक वर्षे काही त्रास नव्हता. स्कर्व्ही झाला आणि त्याच जखमा पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. त्याचे पूर्वी मोडून सांधलेले हाडही जोडावरून सुटले.

हे वाचून त्या काळच्या वैद्यांची मती गुंग झाली असेल. भरलेली जखम अर्ध्या शतकानंतर उसवते कशी?

याचे उत्तर पेशींमध्ये कमी आणि पेशींच्या मधल्या जागेत जास्त आहे. शरीर पेशींचे बनलेले असते, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या पेशी कशावर उभ्या असतात, हे सहसा कोणी विचारत नाही. पेशी स्वतःभोवती प्रथिनांच्या तंतूंचे आणि पाणी धरून ठेवणाऱ्या लांबलचक शर्करारेणूंचे एक जाळे विणतात. शास्त्रज्ञ त्याला एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स म्हणतात. आपण पेशीबाह्य जाळे म्हणू. त्वचेची बळकटी, कुर्चेचा दाब सोसण्याचा गुण, रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा टिकाऊपणा हे सारे या जाळ्यावर अवलंबून असते. त्याचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजेन. आपल्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश हिस्सा या एकट्याचा.

कोलॅजेनची रचना कशी असते, या प्रश्नाची उकल करण्यात भारताचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये कोलॅजेन हा तीन साखळ्यांचा पीळ असल्याचे मांडले. तीन पदरी दोरखंडच तो. प्रत्येक साखळीत दर तिसरी जागा ग्लायसिन या सर्वांत लहान अमिनो आम्लाची असते, कारण पिळाच्या आतल्या चिंचोळ्या जागेत दुसरे काही मावत नाही.

हा पीळ शरीराच्या उष्णतेत टिकायचा, तर साखळीतल्या प्रोलिन नावाच्या घटकांवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक छोटी जोडी बसवावी लागते. ती बसवणाऱ्या एन्झाइममध्ये लोहाचा अणू असतो. तो काम करता करता निकामी होतो आणि त्याला पुन्हा कामाला लावते ते ‘क’ जीवनसत्त्व. ते नसेल तर साखळ्या तयार होतात, पण त्यांचा घट्ट पीळ बसत नाही. कुत्रा, शेळी, गाय हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. माणसात त्यासाठीचे जनुक फार पूर्वीच निकामी झाले आहे.

राहिला प्रश्न जुन्या जखमेचा. व्रण म्हणजे एकदा मारलेले प्लास्टर नव्हे. तिथले जुने कोलॅजेन तोडून नवे घालण्याचे काम वर्षानुवर्षे चालू असते. तोडणाऱ्या एन्झाइमना ‘क’ जीवनसत्त्व लागत नाही, बांधणाऱ्यांना लागते. त्या खलाशाच्या शरीरात पाडकाम सुरू राहिले आणि बांधकाम थांबले.

जॉन क्रॅन्डन या अमेरिकी शल्यविशारदाने १९३९-४० मध्ये स्वतःवरच याची परीक्षा घेतली. त्याने कित्येक महिने ‘क’ जीवनसत्त्वविरहित आहार घेतला. तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली जखम मात्र वरून मिटलेली दिसली, आत ती तशीच होती. जीवनसत्त्व टोचून दिल्यावर ती भरून आली.

हे जाळे केवळ आधारासाठी नसते. पेशीच्या आवरणात आरपार बसलेली इंटेग्रिन नावाची प्रथिने बाहेर जाळ्याला धरतात आणि आत पेशीच्या सांगाड्याला. या पकडीतून पेशीला आपण कुठे आहोत, जमीन मऊ आहे की कडक, हे कळते. पकड सुटली तर बहुतेक पेशी स्वतःहून मरतात. अशी पकड नसतानाही जगायला शिकणे, ही कर्करोगाच्या पेशीची एक घातक करामत.

शेजारच्या पेशींना मात्र पेशी वेगळ्याच प्रथिनांनी धरतात. त्यातले काही जोड टिचबटणासारखे असतात. पेम्फिगस या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा त्वचेतल्या नेमक्या याच बटणांवर हल्ला करते. पेशी शाबूत असतात, पण एकमेकींपासून सुटतात आणि अंगावर, तोंडात फोड येतात.

कोलॅजेनची पावडर आज औषधाच्या दुकानात सर्रास मिळते. खाल्लेले कोलॅजेन पोटात इतर प्रथिनांसारखेच पचते. त्याचे तुकडे आणि अमिनो आम्ले रक्तात जातात, तयार दोरखंड त्वचेत जाऊन बसत नाही. त्वचेचा ओलावा थोडा वाढल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे, पण त्यातल्या अनेकांचा खर्च उत्पादकांनीच केलेला आहे. डब्याच्या किमतीत कितीतरी पेरू येतील. एका मध्यम पेरूत प्रौढ माणसाची ‘क’ जीवनसत्त्वाची दिवसाची गरज सहज भागते. आवळा त्याहून सरस. मात्र भाजी खूप वेळ शिजवली तर हे जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते.

स्कर्व्ही जहाजांबरोबर संपला नाही. चहा-बिस्किटे आणि खिचडीवर दिवस काढणारे एकटे वृद्ध, दारूच्या आहारी गेलेले, ठरावीक दोन-तीन पदार्थांपलीकडे काही न खाणारी मुले यांच्यात तो आजही आढळतो. हिरड्या सुजून रक्त येणे, पायांवर कारण नसताना काळेनिळे डाग, सांधेदुखी, भरता न भरणारी जखम ही त्याची लक्षणे इतर अनेक आजारांतही दिसतात, म्हणून निदान लांबते. अशा वेळी रोज ताटात काय असते, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी रुग्णाने किंवा घरच्यांनी आपणहून सांगावे.