जीवनसत्त्वांचा जमाखर्च (९) : परळचा मार्माइट आणि झाकली गेलेली उणीव

रोज मल्टिव्हिटॅमिनची एक गोळी घेतली की बी-१२ची वेगळी काळजी करावी लागणार नाही ना, असे मागील लेखानंतर वाचकांनी विचारले असल्याने, या आठवड्यासाठी योजलेले ड जीवनसत्त्वाचे प्रकरण पुढे ढकलणे भाग आहे. या प्रश्नाची मेख गोळीतील बी-१२च्या शेजाऱ्यात, म्हणजे फॉलिक आम्लात आहे आणि त्या शेजाऱ्याची पहिली चाहूल मुंबईतच लागली होती.

१९२८ साली ल्युसी विल्स या ब्रिटिश संशोधक मुंबईत आल्या, त्या गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा छडा लावण्यासाठी. लोहाअभावी होणाऱ्या रक्तक्षयात तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. परळच्या हाफकिन संस्थेत तपासल्या गेलेल्या या स्त्रियांच्या रक्तात मात्र त्या संख्येने कमी, पण आकाराने अवाजवी मोठ्या होत्या. विल्स यांनी या स्त्रियांचा निकृष्ट आहार उंदरांना देऊन पाहिला आणि उंदीर रक्तहीन झालेही, परंतु त्यामागे उवांतून पसरलेला संसर्ग असल्याचे पुढे निघाले, आणि म्हणून माकडांवरील प्रयोगांना महत्त्व आले. अखेर गुण आला तो मार्माइटने, म्हणजे यीस्टच्या अर्कापासून केलेल्या, ब्रिटनमध्ये पावाला लावून खाल्ल्या जाणाऱ्या स्वस्त काळ्या लेपाने. पर्निशस ॲनिमिया या दुसऱ्या रक्तक्षयावर चालणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क येथे निरुपयोगी ठरत होता, आणि ज्या अर्थी एका रोगाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, त्या अर्थी उणीव दोन वेगळ्या द्रव्यांची असली पाहिजे, हा त्यातून निघणारा निष्कर्ष मार्माइटहूनही मोलाचा होता. मार्माइटमधील द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले; यकृताच्या अर्कातील बी-१२ हे १९४८ मध्ये शुद्ध रूपात हाती आले.

पेशीचे विभाजन होण्यासाठी जे डीएनए तयार व्हावे लागते, त्याला ही दोन्ही द्रव्ये लागतात आणि त्यांपैकी कोणतेही कमी पडले तरी पेशी वाढते, पण दुभंगत नाही, म्हणून ती मोठी दिसते. फॉलिक आम्ल भरपूर मिळाले तर बी-१२ नसतानाही हे काम चालून जाते, हिमोग्लोबिन चढते आणि रक्ताचा अहवाल निर्दोष येतो. परंतु चेतातंतूंवरील मायलिन या स्निग्ध आवरणाची निगा राखण्याचे बी-१२चे दुसरे काम फॉलिक आम्लाला जमत नाही, त्यामुळे अहवाल चांगला असतानाच तळपायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसर पडणे हे चालू राहते.

महाराष्ट्रात ही गोष्ट पुस्तकी नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून केलेल्या गर्भवतींच्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांत बी-१२ कमी आढळले, तर फोलेटची, म्हणजे अन्नात आढळणाऱ्या फॉलिक आम्लाच्या रूपाची, कमतरता क्वचितच दिसली. वरणभात आणि पालेभाजीच्या ताटात फोलेट असतेच. बी-१२ मात्र केवळ सूक्ष्मजीव बनवतात आणि शाकाहाऱ्याला ते मुख्यतः दुधातून मिळते. ज्या मातांच्या रक्तात फोलेट अधिक व बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली.

आता गोळीच्या वेष्टनाकडे पाहावे. काही मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांत बी-१२ अवघे एक मायक्रोग्रॅम असते, तर प्रौढाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची आहे. रिकामे झालेले कोठार एवढ्याने भरत नाही. जठरात स्रवणारे एक विशिष्ट प्रथिन बी-१२ला आतड्यात शोषून घेण्यास मदत करते, पण एका वेळी त्याची क्षमता दीड-दोन मायक्रोग्रॅमच असते. त्यापलीकडचे जेमतेम एक टक्का झिरपते, म्हणूनच उपचाराच्या गोळ्या पाचशे-हजार मायक्रोग्रॅमच्या असतात. एका गोळीत अनेक जीवनसत्त्वांची नावे छापणे सोपे आहे. उणीव मात्र बहुधा एकाची किंवा दोघांची असते आणि ती नावाने नव्हे, मात्रेने भरून निघते.

तेव्हा जे पूर्ण शाकाहारी आहेत, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी आम्ल कमी करणारी गोळी वर्षानुवर्षे घेत आहेत, किंवा ज्यांच्या पायांना मुंग्या येतात, त्यांनी हिमोग्लोबिनवर विसंबू नये. बी-१२ची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी आणि तीही गोळी सुरू करण्याच्या आधी. ड जीवनसत्त्व आणि ऊन पुढील आठवड्यात.