गादी मऊ, पाठ बेजार

लग्नात माहेरून आलेली जाडजूड फोमची गादी. पहिले काही महिने तिचं कोण कौतुक! मग हळूहळू मधोमध खळगा पडायला लागतो. रात्री कूस बदलायची म्हटली तरी जोर लावावा लागतो आणि सकाळी कंबर धरून उठावं लागतं. पण बोलायचं कसं? महागामोलाची वस्तू, त्यातून माहेरची. मग घरातली बाई गुपचूप सतरंजी टाकून खाली झोपते, नाहीतर बाम चोळून कामाला लागते.

मैत्रिणींनो, गादी टाकून द्यायची गरज नसते आणि दुखणं सोसत बसायचीही नसते. थोडी खटपट केली तर बरीचशी मऊ गादी ताळ्यावर येते.

आपल्या शरीरात कंबर आणि नितंबांचा भाग सगळ्यात जड. गादी फार मऊ असली की तो भाग खाली रुततो आणि पाठीची झोळी होते. स्नायूंना रात्रभर आराम मिळतच नाही. म्हणून कोणी एकदम फळीवरच झोपायला सांगतं. तेही खरं नाही बरं का! कंबरदुखीच्या ३१३ जुन्या रुग्णांवर स्पेनमध्ये एक अभ्यास झाला. २००३ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. ९० दिवसांनी पाहिलं तर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता. म्हणजे आपल्याला हवी ती आधार देणारी गादी, दगड नव्हे.

आधी दोष शोधा

उताणं झोपा आणि कमरेखाली तळहात सरकवून पाहा. हात जातच नसेल तर गादी फार मऊ. हात सहज आरपार जाऊन वर पोकळी राहत असेल तर फार कडक. हात किंचित घासत गेला तर ठीक.

दुसरी परीक्षा जमिनीवरची. दोन-तीन रात्री तीच गादी खाली अंथरून झोपा. पाठीला बरं वाटलं तर दोष गादीचा नाही, पलंगाचा! दिवाणाच्या फळ्या वाकलेल्या असतात, पट्ट्यांमध्ये हातभर अंतर असतं, नाहीतर बॉक्सपलंगाचं झाकण मधोमध खचलेलं असतं. सुताराकडून १२ किंवा १८ मिलिमीटरचं प्लायवूड मापात कापून घ्या आणि गादीखाली घाला. हवा खेळावी म्हणून त्याला काही भोकं पाडायला सांगा. डबलबेडच्या मधोमध खालून टेकू आहे ना, तेही बघून घ्या. लोखंडी पट्ट्यांची खाट सैल झाली असेल तर ती कसून घ्या.

मात्र एक लक्षात ठेवा. प्लायवूडने खचणं थांबतं, वरचा मऊपणा जात नाही.

वरचा थर बदला

मऊपणा घालवायचा तर उपाय गादीच्या वर करावा लागतो. पुष्कळ घरांत कापसाची गादी खाली आणि फोमची वर अशी रचना असते. ती उलटी करून पाहा. पैसा लागत नाही आणि फरक पहिल्याच रात्री कळतो.

घरात जुनी, गोळे झालेली कापसाची गादी असेल तर पिंजाऱ्याकडे द्या. कापूस पिंजून दोन इंचांची, घट्ट भरलेली, जवळजवळ टाके घातलेली पातळ गादी शिवून मागा. ती फोमवर अंथरली की अंग रुतत नाही, शिवाय उन्हाळ्यात पाठ तापत नाही. काथ्याचा पातळ थरही चालतो, पण त्याचे तंतू टोचतात म्हणून वर जाड खोळ हवीच. यातलं काहीच नसेल तर दोन सतरंज्या आणि एक जाड गोधडी ताणून घाला, कडा नीट आत खोचा.

एवढं सांभाळा

दर दोन-तीन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे करा. दोन्ही बाजूंनी वापरायची गादी असेल तर पालथीही करा. वर वेगळा मऊ थर शिवलेली गादी मात्र पालथी करू नये. कापसाच्या गादीला कडक ऊन दाखवा, फोमच्या गादीला नको. उन्हाने फोम पिवळा पडतो, भुगा व्हायला लागतो. तिला सावलीतली हवा पुरे. पावसाळ्यात गादी कायम जमिनीवर ठेवलीत तर खालून ओल धरेल, रोज उभी करून ठेवा.

बाळ आणि आजी

तान्ह्या बाळाला मऊ गादीवर झोपवू नका. तोंड रुतून श्वास कोंडू शकतो. बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर आणि उताणंच निजवावं, जवळ उशी किंवा जाड गोधडी ठेवू नये. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं उलट असतं. कडक गादीने त्यांना जखमा होतात, म्हणून तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल करू नका.

कधी थांबायचं?

रिकाम्या गादीवर झाडूची सरळ काठी आडवी ठेवा. काठीखाली दीड इंचाहून जास्त खळगा दिसला तर त्या गादीवर आणखी खर्च करू नका. वर काहीही घातलं तरी तेही त्याच खळग्यात बसणार. अशा गादीच्या कडेचा फोम मात्र चांगला असतो. तो कापून खुर्चीच्या उशा, बसायची आसनं शिवता येतात. माहेरची भेट अशी घरात राहतेही.

आणि सगळं करूनही तीन-चार आठवड्यांत पाठ थांबली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. पायात मुंग्या, बधिरपणा, ताप किंवा लघवीवर ताबा न राहणं असं काही असेल तर एक दिवसही थांबू नका.

घरात कोणाला कोणती उशी लागते हे आपल्याला तोंडपाठ असतं. मग आज रात्री तो तळहात स्वतःच्याही कमरेखाली घालून बघा आणि हात गेला नाही, तर सकाळी चहाच्या वेळी घरात तसं स्पष्ट सांगा. प्लायवूड उचलायला दोन माणसं लागतातच!