पायाखालची वाट

मिस्त्रीनं फरशी उखडायच्या आधी ती घासून धुऊन घेतली. जी फोडायची ती धुवायची कशाला, मला कळेना. मागच्या दारातून आलेलं ऊन ओल्या फरशीवर पडलं, तसं त्यानं मला उंबऱ्यावर बसवलं. म्हणाला, "आता बघा, माय कुठून चालते ते."

चाळीस वर्षांपूर्वीची शहाबादी. कडेला खरबरीत, धुरानं काळवंडलेली. पण मागच्या दारापासून रांजणापर्यंत, रांजणापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून डब्यांच्या मांडणीपर्यंत हातभर रुंदीचा पट्टा तुळतुळीत झालेला. चुलीपुढच्या फरशीला तर वाटीच्या तळाएवढा खळगा पडलेला. इतकी वर्षं त्याच घरात जेवलो, हे कधी दिसलं नव्हतं. नव्या स्वयंपाकघराच्या मी कागदावर काढलेल्या आराखड्यात फ्रीज नेमका त्या पट्ट्यावर उभा होता.

आमचं घर बीबीचं, लोणार तालुक्यातलं. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचं गाव. आता याच मुलखातून समृद्धी महामार्ग गेला आहे. आमच्या मिस्त्रीनं त्या कामावर दोन वर्षं सेंट्रिंगच्या फळ्या ठोकल्या. नाल्यावर काँक्रीटच्या चौकोनी मोऱ्या बसवतात, ते काम. दुपारी डबा खाताना तो त्याच आठवणी सांगायचा. "भराव चढत व्हता तवा रोज सांजच्याला रोह्यांचा कळप यायचा. भराव दोन पुरुष उंच झाला, तरी तिथंच यायचा. उभा राहायचा, वर बघायचा, मागं फिरायचा. दुसऱ्या दिशी पुन्हा तिथंच."

नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात. हरभऱ्यात कळप शिरला की रात्रीचं जागरण ठरलेलं, त्यामुळे शेतकऱ्याला ती नकोशीच असते. मला तो राग समजतो. रोह्यांनी माझ्याही तुरीचे शेंडे खाल्ले आहेत. पण कळप रस्त्याच्या एकाच बाजूला अडकला तर त्या बाजूच्या शेतांचं काय होतं, हेही बघायला हवं. पाणी एकीकडे, झुडपांची सावली दुसरीकडे, आणि मधे कुंपण.

नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, शेवटचा इगतपुरी ते आमणे ५ जून २०२५ रोजी. गाड्या ताशी १२० किलोमीटरनं जातात, म्हणून दोन्ही बाजूंनी कुंपण हवंच. पण नुसतं कुंपण म्हणजे दहा जिल्ह्यांतून गेलेली भिंत. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य, काटेपूर्णा, तानसा अशी रानं या रस्त्याच्या आसपास आहेत. म्हणून देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासानुसार ठिकठिकाणी प्राण्यांसाठी खालून भुयारी वाटा आणि वरून पूल ठेवले गेले.

वरचा पूल म्हणजे माणसांचा पूल नव्हे. त्यावर माती घालतात, तिथलंच गवत नि झुडपं लावतात, कडेला आडोसा उभारतात. हेडलाइटचा झोत आणि टायरांचा आवाज प्राण्यापर्यंत पोचू नये म्हणून. कुंपण तिथं नरसाळ्यासारखं आत वळवतात, म्हणजे कुंपणाच्या कडेनं चालत आलेलं जनावर आपोआप पुलाच्या तोंडाशी येतं. काळवीट उघड्या माळावरचं जनावर. लांबवर दिसत राहिलं तरच त्याला भरवसा. अंधाऱ्या बोगद्यात ते सहज पाय टाकत नाही. खालची वाट करायची तर ती उंच नि रुंद हवी, पलीकडचा उजेड दिसायला हवा, पायाखाली माती हवी. आणि जागा? जागा जनावरानं आधीच ठरवलेली असते. ती शोधायची असते, इतकंच.

पेंच व्याघ्रप्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर हे नीट घडलेलं आहे. तिथं रस्ता खांबांवर उचलून खालची जमीन मोकळी ठेवली. अशा नऊ जागा, सगळ्यांत लांब ७५० मीटरची. २०१९ मध्ये तिथं लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे प्राणी ५,४५० वेळा दिसले. त्यात वाघ ८९ वेळा. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातल्या अशा पुलांवर बुजऱ्या अस्वलांना सवय व्हायला पाच-पाच वर्षं लागली. पूल बांधून लगेच मोजणी करून 'प्राणी येत नाहीत' म्हणणाऱ्यांनी एवढा धीर धरावा.

घरातलं काम तिसऱ्या दिवशी ओट्यावर आलं. टाइल्सच्या दुकानातल्या माणसानं सांगितलेली उंची होती ३३ इंच. मिस्त्रीनं गुण्या नि टेप बाजूला ठेवला, विटा रचल्या, वर फळी टाकली आणि मायला म्हणाला, "काठवट आन इथं. भाकर थाप."

माय जन्मभर बसून भाकरी करत आली. उभं राहून पीठ मळताना तिचे खांदे वर चढले, कोपरं बाहेर फाकली. ज्वारीचं पीठ मनगटानं मळत नाहीत. अंगाचा भार तळहातावर यावा लागतो, तेव्हा त्याला चिकटपणा येतो. मिस्त्रीनं एक वीट काढली. पुन्हा मळलं. आता खांदे उतरले, पण थापताना भाकरीची कड फुटत होती. आणखी एक वीट निघाली. आता पीठ काठवटीत नीट फिरलं, भाकरी सरसर वाढली, मायचं बोलणंही सुरू झालं. फळीखाली पेन्सिलची रेघ मारली, ती २७ इंचांवर. गॅसपाशी ओटा ३० आणि काठवटीपुरती पायरी २७, असं ठरलं. फ्रीज समोरच्या भिंतीला गेला. रांजणाची जागा हलली नाही.

या कामात माझ्या मनात सारखा एक वाघ येत होता. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला. २०१९ च्या जूनमध्ये निघाला, तेलंगणात जाऊन आला, आणि तेराशे किलोमीटर चालून आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कापसाची शेतं, नाले, रस्ते, गावांच्या कडा, सगळं ओलांडून. तेव्हा समृद्धीवरून गाड्या धावत नव्हत्या. आज निघालेल्या वाघाला तो रस्ता ओलांडायला नेमकी जागा सापडावी लागेल.

काम संपल्यावर एका संध्याकाळी मिस्त्रीनं मला त्याच्या मोरीपाशी नेलं. ही प्राण्यांसाठी बांधलेली वाट नव्हे; नाल्याच्या पाण्यासाठीची साधी मोरी. वर गाड्यांचा घुमारा, आत ओल नि गारवा. तळाशी पावसानं आणलेला गाळ बसून भेगाळला होता. त्यानं मोबाइलचा उजेड खाली धरला. शेळ्यांचे बारीक खूर, कुत्र्याचे पंजे, आणि त्यांच्यामधून दोन पाकळ्यांचे मोठे ठसे, सरळ रेषेत पलीकडच्या उजेडाकडे गेलेले. तोंडाशी लेंड्यांचा ढीग, जुन्यावर नवा. रोही पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकते. म्हणजे हा कळप चुकून आलेला नव्हता.

मिस्त्री उकिडवा बसला आणि त्यानं एका ठशात चार बोटं ठेवून बघितली. "हीच जागा," म्हणाला. "इथंच उभे राहायचे ते."