प्रौढ वयात चित्रकलेचा श्रीगणेशा: नवशिक्यांच्या वर्गात नेमके काय शिकवले जाते?

आपल्याला साधी सरळ रेषही काढता येत नाही, अशी कबुली देतच बहुतेक प्रौढ माणसे चित्रकलेच्या वर्गात पाऊल टाकतात. नोकरीतून निवृत्त झालेले, मुले मोठी झाल्यामुळे थोडी सवड मिळालेल्या गृहिणी, फळ्यावर आकृती काढताना अडखळणारे शिक्षक अशा अनेकांचा त्यांत समावेश असतो. चित्रकला ही जन्मजात देणगी आहे आणि ती आपल्या वाट्याला आलेली नाही, अशी त्यांची ठाम समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण तिच्यामुळे अनेकजण आयुष्यभर पेन्सिलीपासून दूर राहतात.

रायपूर आणि चित्रशिक्षण

छत्तीसगडवर अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. पुढे १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे रायपुरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली आहेत. महाराष्ट्रात शालेय शिक्षण घेऊन नोकरी वा विवाहाच्या निमित्ताने येथे आलेल्यांना ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ या चित्रकलेच्या परीक्षा चांगल्याच आठवतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द त्यांच्या परिचयाचे असतात. मात्र त्या परीक्षेनंतर, किंवा तिच्या धास्तीने त्याआधीच, अनेकांचा कागदाशी संबंध संपतो.

छत्तीसगडमध्ये चित्रकलेच्या उच्च शिक्षणाची सोयही जुनी आहे. खैरागढच्या राजघराण्याने आपल्या दिवंगत राजकन्येच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि १९५६ मध्ये तेथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. संगीत आणि नृत्याबरोबर तेथे चित्रकला व शिल्पकलेचेही पदवी शिक्षण मिळते. परंतु पदवीसाठी काही वर्षे देणे आणि घर-नोकरी सांभाळून आठवड्यातून एक-दोन तास शिकणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्याच्या गरजा वेगळ्या असतात.

हात कधी थांबतो?

लहान मूल न घाबरता चित्र काढते. डोंगरापेक्षा मोठा माणूस किंवा हिरवा सूर्य काढताना त्याला काही वावगे वाटत नाही. मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या वाढीचे टप्पे सांगितले. साधारण नऊ ते बारा या वयात मुलाला आपले चित्र खऱ्यासारखे दिसावे असे वाटू लागते. अपेक्षा वाढते, पण ती पूर्ण करण्याचे तंत्र त्याच्याजवळ नसते. याच सुमारास अनेक मुले चित्र काढणे सोडून देतात.

चाळिशीत किंवा साठीत पुन्हा पेन्सिल धरणारा माणूस या अर्थाने तेथूनच सुरुवात करतो. त्याचे पहिले चित्र दहा-बारा वर्षांच्या मुलासारखे दिसते आणि तो संकोचतो. प्रत्यक्षात त्यात लाजण्यासारखे काही नाही. लिहायला शिकणे दहाव्या वर्षी सोडले असते, तर अक्षरही त्याच वयाचे राहिले असते.

चूक हाताची की नजरेची?

‘हात वळत नाही’ ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. पण जो हात सुईत दोरा ओवतो आणि स्वाक्षरी झरझर करतो, त्याला रेषा काढण्याइतके नियंत्रण असतेच. डेल कोहेन आणि सुझन बेनेट या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रौढांच्या चित्रांतील चुकांची संभाव्य कारणे तपासली. हाताचे कौशल्य किंवा कागदावरील निर्णय यांपेक्षा, समोरच्या वस्तूचे चुकीचे आकलन हेच चुकांचे प्रमुख कारण असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला.

याचे साधे उदाहरण जेवणाच्या ताटाचे. टेबलावर ठेवलेले ताट खुर्चीवर बसून पाहिले तर डोळ्यांना ते चपट्या लंबगोलासारखे दिसते. पण ताट गोल असते हे मेंदूला ठाऊक असते, म्हणून नवशिका ते दिसते त्याहून अधिक गोल काढतो. चेहऱ्याचेही तसेच. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. परंतु लक्ष डोळे, नाक, ओठ यांवरच खिळत असल्याने नवशिके डोळे फार वर काढतात आणि कपाळाला जागाच उरत नाही. रोजच्या व्यवहारात मेंदूची ही सवय उपयोगाची असते, कारण तिच्यामुळे वस्तू चटकन ओळखता येतात. चित्र काढताना मात्र तीच आड येते.

पहिले धडे

म्हणूनच नवशिक्यांच्या चांगल्या वर्गातील बहुतेक धडे ही सवय काही काळ बाजूला ठेवायला शिकवतात.

पहिला धडा मोजमापाचा. हात कोपरात न वाकवता समोर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून वस्तूची रुंदी घ्यायची. ती उंचीत किती वेळा बसते ते पाहायचे. तांब्याची उंची त्याच्या रुंदीच्या सव्वापट आहे की दीडपट, याचे उत्तर अंदाजाने न देता मोजून मिळते.

दुसरा धडा मोकळ्या जागेचा. खुर्ची काढण्याऐवजी तिच्या पायांमधील रिकाम्या जागांचे आकार काढायला सांगितले जाते. त्या जागांना नाव नसते, त्यामुळे मनात ठरलेली खुर्ची मध्ये येत नाही.

तिसरा प्रयोग अमेरिकी शिक्षिका बेटी एडवर्ड्‌स यांच्या १९७९ च्या पुस्तकामुळे जगभर पोहोचला. एखादे रेखाचित्र उलटे ठेवून त्याची नक्कल करायची. उजव्या आणि डाव्या मेंदूविषयीचे त्या पुस्तकातील विवेचन फारच सोपे करून मांडलेले आहे, असे पुढील संशोधनावरून दिसून आले. पण हा सराव आजही उपयोगी ठरतो. उलट्या चित्रात नाक किंवा हात चटकन ओळखू येत नाहीत, म्हणून विद्यार्थी रेषेची दिशा पाहू लागतो.

यानंतर छायाप्रकाश येतो. एकाच बाजूच्या उजेडात ठेवलेला बटाटा किंवा कांदा यासाठी पुरेसा असतो. डोळे किलकिले करून पाहिले की बारकावे पुसट होतात आणि उजळ, मध्यम व गडद असे तीन भाग वेगळे दिसतात. रायपूरकरांना पुढील अभ्यासासाठी महंत घासीदास संग्रहालयातील दगडी शिल्पे उत्तम आहेत. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयातील मूर्ती न हलता, न कंटाळता नवशिक्यासमोर उभ्या राहतात.

रांगोळी येते, मग चित्र का नाही?

मराठी घरांतील अनेक स्त्रिया ठिपक्यांची रांगोळी सहज काढतात. छत्तीसगडी घरांत सणाला तांदळाच्या पिठाने चौक पुरला जातो. तरीही यांतील कितीतरी जणी आपल्याला चित्र येत नाही असे सांगतात. रांगोळीत हाताची पकड, समतोल आणि प्रमाण यांचा वर्षानुवर्षांचा सराव झालेला असतो. फरक इतकाच, की तेथे आकृती मनातून किंवा परंपरेतून येते आणि रेखाटनात ती समोरच्या वस्तूवरून घ्यावी लागते. म्हणजे अशा विद्यार्थिनीची निम्मी तयारी आधीच झालेली असते.

साहित्य आणि वय

सुरुवातीला एचबी, २बी, ४बी आणि ६बी या चार पेन्सिली, खोडरबर, साधा कागद आणि एक लाकडी फळी पुरते. फळी तिरकी ठेवावी. कागद टेबलावर सपाट ठेवला तर त्याची वरची बाजू दूर जाते आणि चित्र लांबट होते.

चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते. चित्र काढताना दूरची वस्तू आणि जवळचा कागद यांकडे आळीपाळीने पाहावे लागते, तेव्हा वाचनाचा चष्मा अपुरा पडतो. बसण्याची जागा आणि चष्मा यांचा विचार म्हणून आधीच करावा. बोटे थरथरत असतील तर मनगटाऐवजी खांद्यापासून हात फिरवून मोठ्या कागदावर काम केल्यास रेषा अधिक स्थिर येते.

उशिरा सुरुवात करणारे

व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार होण्याचे ठरवले आणि शिकण्याच्या पुस्तकातील चित्रे गिरवण्यापासून आरंभ केला. रवींद्रनाथ टागोर साठी उलटल्यावर चित्रकलेकडे गांभीर्याने वळले. १९३० मध्ये पॅरिसला त्यांचे पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

छत्तीसगडमधील उदाहरण सरगुजाच्या सोनाबाई रजवार यांचे. लग्नानंतर कित्येक वर्षे एकाकी घरात राहताना त्यांनी मुलासाठी मातीची खेळणी केली, मग भिंतींवर जाळ्या, पक्षी आणि माणसे उभी केली. शिकवायला कोणी नव्हते. १९८३ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

वर्ग निवडताना

ही नावे अपवादात्मक आहेत आणि वर्गात जाणाऱ्या प्रत्येकाने तेथवर पोहोचावे अशी अपेक्षा नसते. मात्र वर्ग निवडताना काही गोष्टी पाहाव्यात. शिक्षक छापील चित्रांची नक्कलच करवून घेतात की प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवतात? विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतः रेषा ओढून चित्र ‘सुधारतात’ की चूक कुठे झाली ते दाखवतात? प्रौढांना शाळकरी मुलांच्या स्पर्धेच्या तयारीत बसवले जाते का? या प्रश्नांच्या उत्तरांवर विद्यार्थी टिकेल की महिन्याभरात सोडून देईल, हे बरेचसे अवलंबून असते.

सराव रोज पंधरा-वीस मिनिटांचा असला तरी चालतो. चित्रांवर तारीख घालून ती जपून ठेवावीत. तीन महिन्यांनी पहिले आणि शेवटचे चित्र शेजारी ठेवले की प्रगती कोणी सांगावी लागत नाही. त्यातील एखादे भिंतीवर लावण्याजोगे झाले नाही, तरी रोजच्या वापरातला तांब्या खरोखर कसा दिसतो, हे त्या विद्यार्थ्याने पहिल्यांदाच नीट पाहिलेले असते.