तुटीचा आकडा आणि विद्यापीठातली माणसं

नोव्हेंबर २०२४ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांना कुलगुरूंचा संदेश आला. त्या वर्षीची तूट तीन कोटी पौंडांपर्यंत, म्हणजे सव्वातीनशे कोटी रुपयांच्या घरात जाईल आणि नोकरकपात अटळ आहे, असा त्याचा मथितार्थ. पुढच्याच महिन्यात कुलगुरू इयन गिलेस्पी पायउतार झाले. मार्च २०२५ मध्ये तूट साडेतीन कोटींवर गेल्याचं सांगण्यात आलं आणि ६३२ पदं कमी करण्याचा आराखडा जाहीर झाला. दर पाचांतल्या एकाची नोकरी जाणार होती.

पैसा का आटला, हे समजायला अवघड नाही. स्कॉटलंडच्या विद्यार्थ्यांना तिथे पदवीचं शिक्षण विनाशुल्क मिळतं. सरकार त्यांच्यामागे जे पैसे देतं ते महागाईपुढे तोकडे पडत गेले. ती कसर परदेशी विद्यार्थ्यांच्या भरभक्कम शुल्कातून भरून काढायची, असं सगळं बेतलेलं होतं. डंडीत नायजेरियातून बरेच विद्यार्थी येत. २०२३ मध्ये त्या देशाचं चलन गडगडलं. जानेवारी २०२४ पासून बहुतेक पदव्युत्तर परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेण्याची मुभा ब्रिटनने काढून घेतली. आपल्याकडून जाणाऱ्या मुलामुलींनाही तो फटका बसला. प्रवेश घटले. हा मार इतर ब्रिटिश विद्यापीठांनीही खाल्ला, मग डंडीच एवढं कोलमडलं कसं?

त्याचं उत्तर जून २०२५ मध्ये आलेल्या प्रा. पामेला गिलीज यांच्या चौकशी अहवालात आहे. उत्पन्न घसरत असताना खर्चाला आवर घातला गेला नाही. 'कोर्ट' म्हणजे तिथल्या व्यवस्थापन परिषदेपुढे खरं आर्थिक चित्र वेळेवर आलं नाही आणि परिषदेनेही खोदून विचारलं नाही. त्याहून बोचणारा भाग पुढे आहे. वरच्या वर्तुळात शंका काढणारा माणूस नकोसा होता. वेगळं मत मांडणाऱ्या स्त्रियांचं बोलणं मध्येच तोडलं जाई, त्यांना बाजूला सारलं जाई किंवा कामात खोडा घालणाऱ्या ठरवलं जाई. अहवालानंतर हंगामी कुलगुरू आणि परिषदेच्या अध्यक्ष या दोघांनीही पद सोडलं.

बैठकीतल्या या वागणुकीचा संबंध थेट पैशाशी आहे. विद्यापीठात शुल्क प्रवेशाच्या हंगामात जमा होतं आणि पगार मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. त्यामुळे सत्राच्या सुरुवातीला खातं भरलेलं दिसतं. त्यातलेही संशोधन अनुदानाचे पैसे त्या-त्या प्रकल्पासाठी राखीव असतात; त्यातून वीजबिल भागवता येत नाही. म्हणजे बँकेतली शिल्लक दिलासा देते तेव्हाही हातात खेळता पैसा कमीच असू शकतो. यंदा किती जणांनी जागा निश्चित करूनही पैसे भरले नाहीत, कोणत्या वर्गात निम्मी बाकं रिकामी आहेत, हे सगळ्यात आधी प्रवेश कक्षातल्या आणि विभागाच्या कार्यालयातल्या माणसांना कळतं. त्यांचं म्हणणं वर पोचायची वाटच बंद केली, तर अंदाजपत्रक जुन्याच आशेवर बेतलं जातं.

अशा उशिरा झालेल्या कपातीत काय गमावलं जाऊ शकतं, हे डंडीने मुंबईला दिलेल्या एका देण्यातून कळतं. पॅट्रिक गेडिस तिथे १८८८ पासून वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. ते अध्यासन मार्टिन व्हाइट या त्यांच्या स्नेह्याच्या देणगीतून उभं राहिलं आणि वर्षातलं एकच सत्र शिकवण्याची त्यात सवलत होती. उरलेल्या वेळात गेडिस यांनी शहरांचा अभ्यास केला. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला तो त्यांच्या हाताखाली, आणि त्यांच्यानंतर तो गो. स. घुर्ये यांनी नावारूपाला आणला. घाईने कात्री चालवली की असं आडवळणाचं, लगेच हिशेबात न बसणारं कामच आधी छाटलं जातं. नीट निवड करायला वेळ लागतो, आणि तोच डंडीने गमावला होता.

शिक्षकांनी फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये संप केला, आराखडा नंतर बदलावा लागला आणि स्कॉटिश सरकारने जूनमध्ये आणखी चार कोटी पौंड देऊ केले. आधीची मदत धरून ही रक्कम सहा कोटी वीस लाख होते. या पैशासोबत महिन्याकाठी एक साधा कागद प्रत्येक विभागात पोचायला हवा: खेळता पैसा किती महिन्यांचा आहे, राखीव किती, कोणते निर्णय झालेत, कोणते अजून व्हायचेत आणि ते कोण, कोणत्या तारखेला घेणार. संघटना त्यावरही भांडतील, आणि त्यांनी भांडावंच. पण मग भांडण खऱ्या आकड्यांवर होईल, आणि कंत्राटावरच्या तरुण संशोधकाला दुसरीकडे अर्ज करायचा की थांबायचं हे वेळेत ठरवता येईल.