केसाच्या टोकावरचा खार

पौषातल्या पहाटे मेळघाटातल्या धारणीकडच्या एखाद्या हरभऱ्याच्या वावरातून चालून या. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो आणि वाळता वाळता पोटऱ्या चुरचुरू लागतात. दवात खार विरघळलेला असतो ना! जुनी माणसं रात्री पिकावर धुतलेलं धोतर पसरून ठेवत आणि ऊन चढायच्या आत ते पिळून निघालेलं आंबट पाणी, म्हणजे आंब, बाटलीत भरत. अजीर्ण झालं की चमचाभर आंब पाण्यात घ्यायची. आयुर्वेदात तिलाच चणकाम्ल म्हणतात.

पान भिंगाखाली धरलं की हा खार येतो कुठून ते दिसतं. पानभर बारीक केस, त्यांतल्या कित्येकांच्या टोकाला ग्रंथी आणि ग्रंथीवर चमकणारा थेंब. त्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल.

गांजाच्या मादी फुलोऱ्यावरही ग्रंथींचे असेच केस असतात, फक्त त्यांत आम्लाऐवजी राळ भरते. धारणीच्या वायव्येला निमाडातलं खंडवा. 1893-94 साली इंग्रज सरकारच्या भांग-गांजा आयोगाने चौकशी केली, तेव्हा मध्य प्रांतातला परवान्याचा गांजा याच निमाडात पिकत होता. बी धरलं की राळ घटते, म्हणून नर झाडं आधीच उपटून टाकत. 1985च्या कायद्याने ती राळही बंद आणि तो फुलोराही.

हरभऱ्याच्या ग्रंथींना मात्र अजून भाव आहे. घाटेअळीला हा खार मानवत नाही. मग जास्त ग्रंथींचं वाण निवडलं की झालं? तसं नाही. आधी सगळं श्रेय मॅलिक आम्लाला मिळत होतं. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी 1995 साली दाखवलं, की अळीची वाढ खुंटवतं ते ऑक्झॅलिक. म्हणजे केस मोजून भागत नाही, थेंबात काय आहे तेही तपासावं लागतं.

शिवाय हा खार मित्रालाही सोडत नाही. अळीच्या अंड्यांवर जगणारी ट्रायकोग्रामा ही चिमुकली गांधीलमाशी कपाशीत कामाला येते. हरभऱ्यात तिची डाळ शिजत नाही. वाणाचंही तेच. अकोल्याचं कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांचं जाकी 9218 हे वाण वऱ्हाडात रुजलं ते मर रोगाला टिकतं म्हणून. अळीसाठी फवारा खांद्यावर घ्यावाच लागतो.

त्यात अवकाळी पाऊस आला की खार धुऊन जातो. अशा सकाळी आमच्याकडचा शेतकरी आधी घाटे बघत नाही. एक पान खुडतो आणि जिभेवर ठेवतो.